नागपूरची अ‍ॅपवाली गाडी की आर्वी स्टँडवरची गाडी? रिव्ह्यू, अन् उद्या बिनड्रायव्हरची आली तर काय

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच लिहून टाकते. आर्वी स्टँडवरच्या गाड्यांना पाचपैकी चार स्टार. नागपूरच्या अ‍ॅपवाल्या गाडीला शहरात चार, अन् आमच्या गावापर्यंत यायचं असलं तर दीड. आता काहून ते सांगते, अन् सोबत त्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांचंही बोलते, कारण सध्या बचत गटाच्या मीटिंगपासून पानठेल्यापर्यंत जिथं तिथं पोट्टे मोबाईलवर अमेरिकेतल्या रिकाम्या स्टिअरिंगचे व्हिडिओ दाखवून राहिले अन् म्हणून राहिले का आता ड्रायव्हरचा धंदा संपला, ओला-उबेरही संपले, गाडी आपोआप दारात येईल. माझं घर या गाड्यांवर चालते म्हणून मला यात लय जीव आहे.

माझं लेडीज टेलरिंगचं अन् साड्या-ब्लाउजपीसचं दुकान आहे, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका गावात, डांबरी रस्त्यापासून आत. माल आणायला नागपूरला गांधीबागेत जावं लागते. अन् घरी मामाजींना (म्हणजे माझे सासरे) पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेलेला आहे, डावी बाजू कमजोर, त्यांना दाखवायला सेवाग्रामला न्यावं लागते. म्हणजे एक प्रवास मालाचा अन् एक पेशंटचा, अन् दोन्हीला एसटी नेहमी जमत नाही. एसटीवर माझा राग नाही, २०२३ पासून आम्हा बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या वरच्यांना तर फुकट, एकटी रिकाम्या हातानं जायचं असलं तर मी एसटीनंच जाते. पण कपड्याचे गठ्ठे घेऊन अन् पाय न उचलणारा माणूस घेऊन लालपरीच्या पायऱ्या चढून पाहा, मग कळते.

आधी अ‍ॅपवाली गाडी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळ्या सारख्याच वाटल्या. शहरात चांगली आहे, खरं सांगते. गणेशपेठच्या स्टँडवर उतरलं का ऑटोवाल्यांशी भावाची घासाघीस करायची गरज नाही, मोबाईलवर भाव आधी दिसते, गाडीचा नंबर दिसते, आपण कुठं आहोत ते घरी नवऱ्याला लाईव्ह दिसते, ओटीपी सांगितल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. संध्याकाळी गांधीबागेतून गठ्ठे घेऊन एकटीनं निघायचं असलं तर या गोष्टीची किंमत बाईलाच कळते. सामान डिक्कीत ठेवू द्यायला कुणी नाही म्हटलं नाही अजून.

कटकट दोन. पाऊस आला का भाव वाढते, अन् ड्रायव्हर फोन करून विचारते “मॅडम कुठं जायचं, कॅश का ऑनलाइन” अन् आपण सांगितलं का ट्रिप कॅन्सल. केंद्र सरकारनं २०२५ च्या जुलैत नवे नियम काढले त्यात लिहिलं आहे की गर्दीच्या वेळी भाव मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंतच वाढवता येईल, अन् सबळ कारण नसताना कॅन्सल केलं तर भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये दंड. माझ्या ट्रिपा कॅन्सल झाल्या तेव्हा मला तरी काही मिळालं नाही.

आता गावापर्यंतची गोष्ट. दुकानाचा माल जास्त होता म्हणून मी बाहेरगावची ट्रिप बुक केली. गाडी आली, पोरगा चांगला होता बिचारा, नागपूरचाच, कोंढाळीपर्यंत मस्त आलो. तळेगाववरून आर्वीकडं वळलो तशी त्याच्या मोबाईलवरच्या बाईनं आम्हाला आमच्या गावाच्या खऱ्या रस्त्यानं न नेता नाल्याकडच्या पांधणीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेत घातलं. मी म्हणून राहिली का भाऊ हा रस्ता नाही, ही पांधण आहे, पावसाळ्यात इथून बैलबंडी जात नाही, पण तो म्हणे मॅडम मॅप सोडला तर कंपनी रूट चुकला म्हणून पैसे कापते. आमची काळी माती ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको. चाक अर्धं खाली. मग शेतातून माणसं बोलावली, ट्रॅक्टर आणला, गाडी मागं ओढून डांबरीवर काढली अन् त्यानं हात जोडले, “ताई, इथंच उतरा, मला परत जायचं आहे.” फाट्यावर गठ्ठ्यांवर बसून नवऱ्याची वाट पाहिली. कंपनीला तक्रार टाकली तर तेच ते ठरलेलं उत्तर, आम्हाला तुमची गैरसोय समजते. पैसे पूर्ण कापले होते.

पण त्या पोरावर माझा राग नाही. ट्रॅक्टर येईपर्यंत त्यानं मला सगळा हिशोब सांगितला. एका बाजूचं भाडं मिळते, परत जाताना सीट रिकामी, आर्वीतून नागपूरची सवारी अ‍ॅपवर पडतच नाही कारण इथं अ‍ॅपवर पाहतंय कोण, त्यातून कंपनीचा वाटा, टोल, गाडीचा हप्ता. तो म्हणे इकडची ट्रिप आली का आम्ही मोबाईल उलटा करून ठेवतो. म्हणून आमच्या गावाचं नाव टाकलं का ती चकरी गोल गोल फिरत राहते अन् शेवटी “सध्या गाड्या उपलब्ध नाहीत” येते. गाड्या आहेत, पण रिकामं परत जाणं कुणालाच परवडत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं हीच कामी येईल.

आता आर्वी स्टँडवरच्या गाड्या. हे काही ऑफिस नाही, बोर्ड नाही, अ‍ॅप नाही. बोलेरो, इर्टिगा, इको, जुन्या काळीपिवळीतून उरलेल्या एक-दोन, असे गाडीमालक आहेत, एकमेकांचे नंबर आहेत, अन् एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एकाला फोन केला अन् त्याला जमत नसलं तर तोच दुसऱ्याला पाठवते. भाव किलोमीटरवर, जाऊन-येऊन धरून, वेटिंगचं वेगळं, रात्री थांबायचं असलं तर ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. पहिल्यांदा ऐकताना अ‍ॅपपेक्षा महाग वाटते कारण परतीचे पैसे त्यात आधीच धरलेले असतात, पण ते लपवलेले नाहीत अन् मधेच कुणी फाट्यावर उतरवत नाही.

मामाजींना न्यायचं असलं का जो भाऊ येते त्याचं काम मी अगदी जवळून पाहिलं आहे अन् ते लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही. तो गाडी दारात आणत नाही, ओट्याला लावते, म्हणजे ओट्याची उंची अन् सीटची उंची जवळपास सारखी होते. मग मागचं दार पूर्ण उघडून पुढची सीट समोर सरकवते. डावा हात मामाजींच्या काखेतून, उजवा कमरेच्या पट्ट्याला, आधी बूड सीटवर टेकवते, मग दोन्ही पाय एकत्र धरून आत फिरवते, एकेक पाय नाही, दोन्ही एकत्र, कारण एकेक केला तर कमजोर बाजूला माणूस लवंडते. हे त्याला कुणी कंपनीनं शिकवलं नाही, दवाखान्यातल्या वॉर्डबॉयचं पाहून पाहून शिकला. गमछ्याची घडी करून डाव्या बाजूला पाठीमागं लावते. सेवाग्रामला पोचलं का व्हीलचेअर कुठं मिळते, ओपीडीच्या चिठ्ठीची रांग कुठून लागते, सारं त्याला माहीत. मी रांगेत अन् तो मामाजींजवळ, “बाबाजी पाणी पाहिजे का” म्हणत. वेटिंगचे पैसे तो गाडीचे घेते, या कामाचे घेत नाही, मी दिले तर परत करते.

एक स्टार कापला तो उगाच नाही कापला. गाड्या जुन्या आहेत, मागचे सीटबेल्ट कव्हरखाली दबलेले, काढा म्हटलं तर “काय होते ताई” म्हणतात. हे मला अजिबात आवडत नाही अन् मी दरवेळी बोलते. एकदोघं खर्रा खाऊन खिडकीतून पिचकारी मारतात. बिल मागितलं तर मिळत नाही. लग्नसराईत गाडीच भेटत नाही, अन् कापूस वेचणीच्या दिवसात फोन लागत नाही कारण मालकच वावरात असते. अन् सगळ्यात मोठं म्हणजे, मी इथली सून, मला सगळे ओळखतात म्हणून माझ्यासाठी सोपं आहे. नवीन बदली होऊन आलेल्या मास्तरीणबाईनं रात्री नऊ वाजता कुणाला फोन करावा? ओळख नसलेल्या बाईला ही सेवा अर्धीच मिळते, अ‍ॅप इथं जिंकते.

आता येते बिनड्रायव्हरवर.

पोट्टे म्हणतात तसं हे काही उद्याचं नाही, आजच चालू आहे, फक्त दुसरीकडं. गुगलनं २००९ मध्ये हे काम सुरू केलं, २०१६ मध्ये त्याची वेमो नावाची वेगळी कंपनी केली, २०२० मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात कुणीही मोबाईलवरून बोलावेल अशी बिनड्रायव्हरची टॅक्सी सुरू झाली. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को अन् लॉस एंजेलिस सर्वांसाठी खुलं झालं. २०२५ च्या एप्रिलपर्यंत आठवड्याला अडीच लाख भाड्याच्या फेऱ्या करून राहिली होती ती कंपनी. तिकडं चीनमध्ये वुहान शहरात बायडू नावाच्या कंपनीच्या गाड्या धावतात, तिथल्या टॅक्सीवाल्यांनी २०२४ मध्ये बोंबही मारली. म्हणजे खोटं काही नाही.

मग उबेरसारख्या कंपनीचं काय होईल? यात एक गोष्ट समजून घ्या. या कंपन्या आमच्या मार्केट यार्डातल्या अडत्यासारख्या आहेत. कापूस शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, अडत्या मधे बसून आपला टक्का घेते, त्याच्या घरी एक बोंड पिकत नाही. गाडी ड्रायव्हरची, डिझेल त्याचं, हप्ता त्याचा, पंक्चर त्याचं, कंपनीकडं फक्त गिऱ्हाईक. उबेरच्या तेव्हाच्या मालकानं २०१४ मध्ये एका कार्यक्रमात उघड सांगितलं होतं की भाडं महाग वाटते ते गाडीतल्या त्या दुसऱ्या माणसाचे पैसे द्यावे लागतात म्हणून, तो काढला का स्वस्त होईल. गाडीतला दुसरा माणूस म्हणजे ड्रायव्हर! ज्याच्या जिवावर कंपनी मोठी झाली त्याच्याबद्दल हे बोलणं मला तेव्हाही टोचलं असतं अन् आजही टोचते.

मग उबेरनं २०१५ पासून स्वतःची बिनड्रायव्हरची गाडी करायला घेतली. २०१८ च्या मार्चमध्ये अ‍ॅरिझोनात टेंपे नावाच्या गावी रात्रीच्या वेळी एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती, ती या गाडीखाली येऊन मेली. तिकडच्या सरकारी चौकशीत निघालं की गाडीच्या कॉम्प्युटरला ती दिसली होती, पण ती काय आहे ते त्याला ठरवता येत नव्हतं, घडीत गाडी समजे, घडीत सायकल, घडीत आणखी काही. देखरेखीला जी व्यक्ती बसली होती ती मोबाईल पाहत होती. हे वाचून मी थरारली, कारण सायकल हातात धरून अंधारात रस्ता ओलांडणारी माणसं म्हणजे आमचं गाव आहे. सायकलवर गवताचा भारा, दुधाच्या कॅना, त्याच्या मागं शेळी. बैलबंडीला लाईट नाही. कापसानं भरलेली ट्रॉली ताडपत्रीसकट रस्त्याच्या दोन्ही बाजूला लोंबते अन् मागं ना रिफ्लेक्टर ना दिवा. आमचा स्टँडवरचा भाऊ दुरूनच ओळखते, म्हणते समोर ट्रॉली आहे, धूळ पाहा.

२०२० मध्ये उबेरनं हा सगळा कारखाना अरोरा नावाच्या कंपनीला देऊन टाकला. जनरल मोटर्सचीही क्रूझ म्हणून अशीच कंपनी होती, तिच्या गाडीनं २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीच्या धडकेनं समोर पडलेल्या बाईला ओढत नेलं, परवाना गेला, अन् २०२४ च्या डिसेंबरात दहा अब्ज डॉलरच्या वर घालवून त्यांनी टॅक्सीचा नाद सोडला. टेस्लानं २०२५ च्या जूनमध्ये ऑस्टिनला सुरू केली, पण बाजूच्या सीटवर माणूस बसवून.

आता उबेर काय करते, तर ऑस्टिन अन् अटलांटात वेमोच्या गाड्या उबेरच्या अ‍ॅपवर मिळतात. म्हणजे अडत्या अडत्याच राहिला, शेतकरी बदलला. आधी माल आणणारे लाखो फाटके ड्रायव्हर होते, आता माल आणणारी एक धनदांडगी कंपनी आहे, अन् तिच्याजवळ तिचं स्वतःचं दुकानही आहे, कारण सॅन फ्रान्सिस्को अन् लॉस एंजेलिसमध्ये वेमो आपल्याच अ‍ॅपवरून गाडी देते. माझ्या मते अ‍ॅपवाल्यांसमोरचं खरं संकट हे आहे. एकट्या ड्रायव्हरला दबवता येते, टक्का वाढवला तर तो कुठं जाईल, पण वेमोला दबवता येत नाही, तिला परवडलं नाही तर ती उद्या उठून आपलं दुकान चालवेल. म्हणून या कंपन्यांना पुढं एक तर स्वतः गाड्या घ्याव्या लागतील, नाही तर दुसऱ्याच्या गाड्या धुणं, चार्जिंग करणं, गिऱ्हाईक जमवणं यावर जगावं लागेल. दोन्ही करता येईल, पण दोन्हीत एक अट आहे. गाडी दिवसभर पळत राहिली पाहिजे. कॅमेरे, रडार, लायडर (लेझरनं अंतर मोजणारं यंत्र) लावलेली महागडी इलेक्ट्रिक गाडी उभी राहिली का मीटर उलटं फिरते.

इथं आमच्या गावाचा हिशोब मांडते. स्टँडवरच्या गाडीला साध्या दिवसात एखादी-दुसरी ट्रिप असते, कधी दोन दिवस नसते. तरी ती गाडी आहे, काहून? कारण गाडीमालकाला चार एकर वावर आहे, ट्रिप नसली तर तो सोयाबीनमध्ये डवरणी करते, फवारणी करते, संत्र्याला पाणी देते. गाडी उभी राहिली तरी घर चालते. फोन आला का हातपाय धुऊन शर्ट बदलून निघते. ट्रिप नसताना कंपनीची गाडी काय करेल? तिला वावर नाही. ती जिथं गिऱ्हाईक एकामागून एक आहे तिथंच राहील, म्हणजे सीताबर्डी, धरमपेठ, एअरपोर्ट, मिहान. आर्वीपर्यंतही येणार नाही, गावाचं तर नावच नको.

अन् दुसरं. अमेरिकेत ड्रायव्हर महाग आहे म्हणून त्याला काढण्यात फायदा. आमच्याइकडं ड्रायव्हरचा दिवसाचा रोज पाचशे-सातशे रुपये, गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू माणूसच आहे, हे लिहिताना वाईट वाटते पण खरं आहे. सगळ्यात स्वस्त काढून त्या जागी सगळ्यात महाग बसवायचं, वरून तो मामाजींना सीटवर बसवणार नाही. मग मला गाडीसोबत एक माणूस वेगळा न्यावा लागेल, अन् त्याचा रोज द्यावाच लागेल.

गाडी आपल्या रस्त्यावर चालूच शकत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. भोपाळची स्वायत्त रोबोट्स म्हणून कंपनी आहे, तिनं साध्या बोलेरोला कॅमेरे-कॉम्प्युटर लावून तिथल्या रस्त्यावर आपोआप चालवून दाखवली, ते व्हिडिओ पाहा, आपल्याच पोरांचं काम आहे अन् अभिमान वाटते. हैदराबादच्या आयआयटीतही यासाठी वेगळं केंद्र आहे. म्हणजे उद्या-परवा कॉम्प्युटर आमची बैलबंडी ओळखेलही. पण ओळखली म्हणून रिकामं परत जायचे पैसे कोण देईल, हा प्रश्न त्या नागपूरच्या पोरासमोर होता तसाच तिथंही राहतेच.

जिथं मला बिनड्रायव्हर खरंच पाहिजे वाटते ती जागा म्हणजे समृद्धी. सातशे एक किलोमीटर, दोन्हीकडून बंद, टू-व्हीलर अन् ऑटोला बंदी, बैलबंडी नाही, पांधण नाही. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला अन् २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण मुंबईपर्यंत. सरळच सरळ रस्ता, ड्रायव्हरच्या डोळ्यावर झापड येते. २०२३ च्या १ जुलैला मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटली अन् २५ माणसं गेली, नागपूरहून पुण्याला निघालेली ती बस होती, आमच्याच भागातली माणसं. त्यानंतर आमच्या घरचं कुणी रात्रीच्या गाडीत बसलं का मला झोप येत नाही. मशीनला झोप येत नाही, मशीन दारू पीत नाही, मालक म्हणते म्हणून सलग दुसऱ्या रात्री गाडीवर बसत नाही. एका नातेवाइकाच्या नव्या गाडीत ते लेन धरून चालणारं, समोरची गाडी जवळ आली का आपोआप ब्रेक मारणारं सिस्टिम होतं, समृद्धीवर त्यानं फार चांगलं काम केलं अन् विरूळला उतरून आमच्या रस्त्याला लागलो तसं त्यांनी ते बंद करून टाकलं. मला वाटते पुढं असंच होईल, लांबचा पल्ला मशीन, अन् इंटरचेंजपासून घरापर्यंत आमचा स्टँडवरचा भाऊ. त्याचा धंदा उलट वाढेल.

आता गडकरी साहेबांचं. ते २०१७ पासून सांगून राहिले की बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, अन् २०२३ च्या डिसेंबरात नागपुरातच आयआयएमच्या कार्यक्रमात पुन्हा सांगितलं की अशानं ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील. मला ते बोलणं पटलं अन् आवडलं. पण मंत्री कायम राहत नाही अन् नियम बदलते. बदललं तर पहिला फटका नागपूरच्या त्या अ‍ॅपवाल्या पोरांना बसेल ज्यांनी हप्त्यावर गाड्या घेतल्या. अन् ते गाडी विकणार नाहीत, ते गाडी घेऊन तालुक्याला येतील, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, जिथं मशीन येत नाही तिथं. मग स्टँडवर पंधराच्या जागी चाळीस गाड्या, ट्रिपा तेवढ्याच, अन् भाव पडतील. म्हणजे बिनड्रायव्हरची गाडी आमच्या गावात एकही न येता आमच्या भावाचं पोट मारू शकते. याच्यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहून राहिली.

बायांचंही एक. तिकडं काही बायांना बिनड्रायव्हरची गाडी सुरक्षित वाटते कारण आत अनोळखी पुरुष नाही. ते मला समजते, रात्री अ‍ॅपच्या गाडीत बसल्यावर मीही फोन कानाला लावून बसते. पण कोंढाळीच्या पुढच्या जंगलात गाडी बंद पडली, नेटवर्क नाही, तर आत कुणी नसणं हेच भ्याव. २०२५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत मोठी बत्ती गेली, सिग्नल बंद पडले तर वेमोच्या गाड्या चौकात जागच्या जागी थांबल्या अन् कंपनीनं सेवा काही वेळ बंद केली. आमच्याइकडं बत्ती जाणं ही बातमीच नाही. ओळखीचा ड्रायव्हर, ज्याची बायको माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकते, यापेक्षा मोठी सेफ्टी मला तरी दिसली नाही.

अ‍ॅपवाल्या कंपन्यांना मला एवढंच सांगायचं आहे की गाडीतून माणूस काढायला जे अब्जावधी खर्च होऊन राहिले त्यातला थोडा तालुक्याकडं वळवा. आर्वी-नागपूर परतीची सवारी जोडून द्या, म्हणजे तुमचा ड्रायव्हर रिकामा जाणार नाही अन् मोबाईल उलटा ठेवणार नाही. गावातल्या ड्रायव्हरला मॅप दुरुस्त करू द्या, पांधण कोणती अन् रस्ता कोणता हे त्याला झोपेत सांगता येते. अन् स्टँडवरच्या भावांनो, मागचे सीटबेल्ट काढा, एक नंबर असा ठेवा जो रात्री लागलाच पाहिजे, अन् तो एसटी स्टँडवर, शाळेत, आरोग्य केंद्रात लावा, म्हणजे ती नवीन मास्तरीणबाईही तुम्हाला बोलावेल.

ज्यांना स्टँडवरची गाडी करायची आहे त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत फोन करा, वावरातून माणूस तेव्हाच घरी येते. पेशंट आहे का, किती सामान आहे, ते आधीच सांगा म्हणजे तशी गाडी पाठवतात. वेटिंगचं फोनवरच ठरवून घ्या. लग्नाच्या दाट तिथीला महिनाभर आधी. रात्री अचानक दवाखान्याचं काम पडलं तर आधी १०८ लावा अन् सोबतच स्टँडवरही फोन करून ठेवा, जी आधी येईल तिच्यात बसा, दुसऱ्याला नको म्हटलं तर कुणी रागवत नाही. नागपूर शहरात फिरायला अ‍ॅप वापरा, ओटीपी गाडीत बसल्यावरच सांगा, अन् गावापर्यंतची ट्रिप अ‍ॅपवर टाकूच नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.